अण्णा म्हणतात ‘परत मशीनवर घालू नका’, घरचे म्हणतात ‘अभद्र बोलू नको’

पत्र

माझं माहेर उचगाव भागातलं, सासर बेळगाव शहरात. अण्णा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट दमाचा आजार आहे, घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. गेल्या वर्षभरात दोनदा ॲडमिट केलं. पहिल्या खेपेला तोंडावरच्या मास्कवर निभावलं. दुसऱ्या खेपेला घशात नळी घालून आयसीयूत ठेवलं, नळी ओढतात म्हणून हात बांधले होते. घरी आल्यापासून अण्णा एकच सांगतात, ‘परत मला मशीनवर घालू नका.’ आई हे ऐकलं की उठून आत जाते. दादा पुण्याला असतो. तो म्हणतो, ‘पैसे मी घालतो, तू असलं अभद्र बोलू नको. उद्या लोक म्हणतील लेकीलाच घाई झाली.’

कर्नाटकात आता हे आधी लिहून ठेवता येतं असं ऐकलं. खरं आहे का? कुठं करायचं, मराठीत चालतं का? दिल्या घरच्या लेकीला यात बोलायचा हक्क आहे का? आणि असं लिहून ठेवणं म्हणजे अण्णांना मरू देणं आहे का? हा शेवटचा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

उत्तर

ताई, झोप उडवणाऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. नाही, हे अण्णांना मरू देणं नाही. औषध टोचून जीव घेणं भारतात गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला आहे. तुम्ही विचारता ती गोष्ट निराळी आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर, फक्त श्वास चालू ठेवण्यासाठी लावलेले उपचार सुरू न करणं किंवा थांबवणं, आणि त्याच वेळी दम, वेदना, घाबरेपणा यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू ठेवणं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि माणसानं आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली. त्याआधीची मोठी लढाई अरुणा शानभाग यांच्या नावानं झाली होती. त्या आपल्याच राज्यातल्या, उत्तर कन्नडातल्या हळदीपूरच्या. १९७३ मध्ये मुंबईत त्यांच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ मध्ये प्राण जाईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या.

२०१८ ची पद्धत फार किचकट होती. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून राज्यातल्या दवाखान्यांसाठी ही पद्धत लागू केली. दावणगेरेच्या निवृत्त शिक्षिका करिबसम्मा यासाठी कैक वर्षं झगडत होत्या. शेजारच्या गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा असा कागद नोंदवला, गोव्यातला तो पहिला. तेव्हा तुम्ही विचारता त्यात चोरून करण्यासारखं काहीच नाही.

आणखी एक गोष्ट आजच आईच्या कानावर घाला. अण्णा शुद्धीत आहेत आणि स्वतःचं मत सांगू शकतात तोवर हा कागद कामालाच येत नाही. तोवर डॉक्टरांनी अण्णांनाच विचारायचं आणि अण्णांनीच सांगायचं. आजार शेवटच्या टप्प्यात गेला, बरं होण्याची आशा उरली नाही आणि अण्णा स्वतः ठरवू शकत नाहीत, असं तिन्ही एकदम झालं तरच कागद उघडतो. आईला बहुधा वाटतं की सही झाली की दवाखान्यात कुणी अण्णांकडे बघणार नाही. साध्या न्यूमोनियावर अँटिबायोटिक मिळणार, दम लागला तर नेब्युलायझर मिळणार, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

आता दादाबद्दल. त्याच्यावर रागावू नका. लांब राहणारं लेकरू पैशातूनच माया दाखवतं, कारण रात्री पाठ चोळायला ते इथं नसतं. शिवाय आपल्याकडे माणूस गेल्यावर भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठं ॲडमिट केलं होतं? मोठ्या दवाखान्यात का नाही नेलं?’ त्या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून कैक घरं माणसाला नको असलेले उपचार करत राहतात. तोंडातून शब्द गेला की तसंच घडतं, ही भीतीही खरी असते, तिला हसू नये. पण गप्प राहिल्यानं काय घडतं तेही बघायला हवं, कारण या भागात ते नेहमी घडतं.

घडतं असं. रात्री दम वाढतो, गाडी करून माणसाला दवाखान्यात नेतात, दारात एक फॉर्म पुढं येतो आणि घाबरलेलं माणूस सही करतं. नळी पडते. आठ-दहा दिवसांनी डॉक्टर म्हणतात, सुधारणा नाही. पैसे संपत आलेले असतात, किंवा आज्जीला घरातच प्राण जावा असं वाटत असतं. मग ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही होते. ॲम्ब्युलन्समध्ये कुणीतरी हातानं फुगा दाबत माणसाला गावापर्यंत आणतं आणि उंबऱ्याच्या आत घेऊन नळी काढतात. मॉर्फीन नाही, झोपेचं औषध नाही, पुढच्या चार तासांत काय होईल हे सांगणारं कुणी नाही. पाण्यातून काढल्यासारखा तडफडत माणूस जातो आणि ते दृश्य नातवंडांच्याही डोळ्यांपुढून हलत नाही. उपचार थांबवण्याचा निर्णय या घरानंही घेतलाच. पण तो सगळ्यात वाईट वेळी, सगळ्यात वाईट पद्धतीनं घेतला, आणि ज्याचा जीव त्याला न विचारता. दादाला ‘कागद करू या’ असं सांगण्याआधी हे सांगा.

मरणाबद्दल आधी बोलणं आपल्या मातीला नवं नाही. जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या चिक्कोडी तालुक्यातले, भोज परिसरातले. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत घेतलं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. ती व्रताची वाट, तिची तुलना आयसीयूशी करायची नाही. पण ‘आपल्यात असलं बोलत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

‘मशीन’ म्हणजे नेमकं कुठलं?

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. ‘मशीन नको’ एवढंच लिहिलं तर सीओपीडीच्या रुग्णाचं नुकसान होऊ शकतं.

अण्णांना पहिल्या खेपेला लावला तो तोंडावरचा घट्ट मास्क, म्हणजे बायपॅप. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, माणूस गुंगीत जातो, आणि हा मास्क काही तासांत-दिवसांत त्यातून बाहेर काढतो. नळी घालायची वेळ त्यानं अनेकदा टळते. मास्क लावून माणूस खुणेनं बोलतो, मध्ये काढून चार घोट पाणी पितो. अण्णांना तो नकोय का? बहुतेकांना तो चालतो, पण त्यांना विचारूनच लिहा.

घशातली नळी आणि व्हेंटिलेटर हा दुसरा टप्पा. नळी सोसवावी म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागतं, बोलता येत नाही, गिळता येत नाही. हात बांधले जातात ते इथंच. तरीही संसर्गानं दम वाढला असेल आणि तो संसर्ग बरा होणारा असेल, तर पाच दिवसांच्या नळीनं माणूस परत घरी येऊ शकतो. अण्णा आलेच की. म्हणून ‘मुळीच नको’ आणि ‘कितीही दिवस चालेल’ यांच्या मधली एक वाट डॉक्टर सुचवतात: ठराविक मुदतीची चाचणी. तीन ते पाच दिवस नळी ठेवायची, सुधारणा दिसली तर पुढं जायचं, नाही दिसली तर थांबवायची चर्चा सुरू करायची. अण्णांना हे मान्य असेल तर दिवसांचा आकडा कागदात घाला. मान्य नसेल, पुन्हा एकदाही नळी नको असं त्यांचं ठाम मत असेल, तर तेही तितकंच रास्त आहे. पण मग छातीच्या डॉक्टरांपुढं बसून, ‘नळी न घातल्यामुळं मी त्याच आजारपणात जाऊ शकतो हे मला कळतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

नळी आठवडा-दोन आठवडे राहिली की गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा प्रश्न येतो. याला ट्रेकिऑस्टोमी म्हणतात. कुटुंबाला हे ‘छोटं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं जातं आणि ते असतंही छोटं. पण फुफ्फुसं आधीच थकलेल्या माणसाला त्यानंतर व्हेंटिलेटरवरून सुटता येईलच असं नाही, आणि घरी कफ ओढायचं सक्शन मशीन, रात्रंदिवस माणूस, वारंवार संसर्ग हे सगळं मागं लागतं. यावर अण्णांचं मत वेगळं विचारा. नळीला हो म्हणणारी पुष्कळ माणसं याला नाही म्हणतात.

हृदय थांबल्यावर छाती दाबणं म्हणजे सीपीआर. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबतात. म्हातारपणी त्यात बरगड्या मोडतात. आयसीयूत अचानक थांबलेलं हृदय आणि आजारानं हळूहळू विझत गेलेलं हृदय यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात सीपीआरनं माणूस घरी परतण्याची शक्यता फारच कमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये ‘सीपीआर करू नये’ अशा निर्णयाबद्दल डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्यामुळं हा विषय तुम्ही डॉक्टरांपुढं उघडपणे काढू शकता. नाकातल्या नळीतून अन्न आणि डायलिसिस यांवरही एकेक ओळ हवी. अण्णांच्या बाबतीत हे प्रश्न मागून येतील, पण येऊ शकतात.

बोलायचं कसं

गणपतीला दादा येईलच. पहिला दिवस सोडा. घरात पाहुणे कमी झाले की दुपारच्या चहाला अण्णा, आई, दादा आणि तुम्ही एवढेच बसा. जावयांना आणि सुनेला पहिल्या बैठकीत नको, दुसऱ्या बैठकीत जरूर घ्या. तुम्ही बोलू नका, अण्णांना बोलू द्या. तुमच्या तोंडून आलं की तो तुमचा विचार होतो, त्यांच्या तोंडून आलं की ती इच्छा होते. सुरुवातीला एवढंच विचारा: ‘अण्णा, आयसीयूत तुम्हाला सगळ्यात काय सोसवलं नाही?’ मग, ‘काय काय करता येत असेल तर जगणं बरं वाटेल?’ कुणी म्हणतं, पेपर वाचता आला पाहिजे. कुणी म्हणतं, माणसं ओळखता आली पाहिजेत. कुणाला अंगणात बसायला मिळालं तरी पुरतं. या उत्तराचा उपयोग डॉक्टरांना उपचारांच्या यादीइतकाच होतो. शेवटी, ‘तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा डॉक्टरांशी कुणी बोलायचं?’

त्या दिवशी सही नको. दादाला आठ-दहा दिवस द्या. अण्णांची हरकत नसेल तर हे बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. कायद्यानं त्याची गरज नाही. पण रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात दादा डगमगला, तर वडिलांचा आवाज त्याला कागदापेक्षा जास्त आधार देईल.

एक सावधगिरी. घराच्या, शेताच्या वाटणीचं मृत्युपत्र आणि हा कागद एकाच दिवशी, एकाच वकिलाकडे, एकाच फाईलीत करू नका. दोन्ही स्वतंत्र कागद आहेत. एकत्र केले की ‘लेकीला घाई झाली’ या बोलण्याला तुम्हीच निमित्त देता.

कागद

अण्णांच्या हाताला कंप नसेल तर त्यांनी स्वतः लिहावा, नाही तर टाइप करून घ्यावा. ठरलेला एकच नमुना नाही आणि न्यायालयाच्या निर्देशांत स्टॅम्प पेपरची अटही नाही. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘मी, (पूर्ण नाव, वय, पत्ता), शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून देतो. मला सीओपीडी आहे आणि तो पूर्ण बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी मला समजावलं आहे. आजार शेवटच्या टप्प्यात असेल, बरं होण्याची आशा नसेल आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर मला बायपॅप मास्क चालेल. घशातली नळी व व्हेंटिलेटर जास्तीत जास्त (इतके) दिवस चालेल, त्यानंतर सुधारणा नसल्यास काढावा. गळ्याला भोक पाडून नळी, डायलिसिस आणि सीपीआर नको. दम, वेदना, घाबरेपणा यांवरचे उपचार शेवटपर्यंत द्यावेत. शक्य असल्यास मला घरी न्यावं. माझ्या वतीनं (नाव) आणि (नाव) यांनी निर्णय सांगावा. या लिखाणाचा परिणाम मला समजला आहे. मी हे केव्हाही बदलू किंवा रद्द करू शकतो.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका, ती न्यायालयालाच हवी आहेत. संदिग्ध लिहिलं असेल तर डॉक्टरांचं मंडळ तो कागद बाजूला ठेवू शकतं. ‘जास्त त्रास नको’, ‘देवाच्या इच्छेनं व्हावं’ अशी वाक्यं मनाला बरी वाटतात, पण त्यांवरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

दोन प्रतिनिधींची नावं घालाच. एक बेळगावातलं, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचणारं, म्हणजे तुम्ही, आणि दुसरं दादाचं. लग्न झालेली लेक म्हणून कायद्यात तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. न्यायालयानं पालक किंवा जवळचा नातेवाईक एवढंच म्हटलंय, मुलगाच हवा असं कुठं नाही. दादाचं नाव घातल्यानं त्याला बाजूला सारल्यासारखंही वाटणार नाही. आईचं नाव घालावं का, हे तिलाच विचारा. कैक बायकांना त्या क्षणी सही करायचं ओझं नको असतं, आणि तसं म्हणायची मोकळीक तिला मिळाली पाहिजे.

साक्षीदार दोन, घराबाहेरचे. अण्णांचे शाळेतले जुने सहकारी चांगले. प्रतिनिधी आणि साक्षीदार एकच माणूस करू नका, वारसाला साक्षीदार करू नका. दोघांच्या समोर अण्णांनी सही करायची, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती प्रमाणित करायची. बेळगावात कोर्ट आवारात नोटरी मिळतात. अण्णांना जिना चढवत नसेल तर घरी येणारे शोधा. तहसीलदार किंवा तालुका आरोग्य अधिकारी हेही चालतात. अण्णा हे स्वखुशीनं आणि समजून करताहेत याची खात्री झाली, असं साक्षीदारांनी आणि नोटरीनं लिहायचं असतं. म्हणून दम वाढलेल्या दिवशी किंवा ॲडमिट असताना सही घेऊ नका. ऑक्सिजन उतरलेल्या माणसाच्या सहीवर उद्या कुणीही बोट ठेवेल. सकाळची वेळ धरा.

भाषेचं म्हणाल तर मराठीत बिनधास्त करा. न्यायालयानं भाषा ठरवून दिलेली नाही, आणि माणसानं असली गोष्ट आपल्या भाषेतच लिहावी. पण आयसीयूतला ड्युटी डॉक्टर मंगळूरचा किंवा केरळचा असू शकतो, आणि रात्री तुमचा मराठी कागद त्याला कोण वाचून दाखवणार? डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असा एकाच कागदावर मजकूर घ्या, दोन्हींखाली सही. कन्नड प्रत जोडली तर पंचायतीत काम सोपं होतं. नोटरींना मराठी वाचता येत नसेल तर त्यांना इंग्रजी मजकुरावरून समजावा आणि अण्णांना मराठी वाचून दाखवल्याची नोंद घ्यायला सांगा.

प्रती: दोन्ही प्रतिनिधींकडे एकेक, नेहमीच्या डॉक्टरांकडे एक, छातीच्या डॉक्टरांच्या फाईलीत एक, आणि एक स्थानिक संस्थेकडे. गावात ग्रामपंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), शहरात महानगरपालिका. स्थानिक संस्थेनं असे कागद सांभाळायला अधिकारी नेमायचा, असं न्यायालयाचं सांगणं आहे. पीडीओंना याची कल्पना नसेल तर वाद घालू नका. साध्या अर्जासोबत प्रत द्या आणि पोच घ्या. मूळ कागद तिजोरीत ठेवू नका, डिस्चार्ज कार्ड असलेल्या त्याच प्लॅस्टिक फाईलीत सगळ्यात वर ठेवा. फोटो तुमच्या आणि दादाच्या फोनमध्ये. मत बदललं तर नवा कागद तशाच पद्धतीनं करायचा. ज्यावरची सही सर्वांत अलीकडची, तोच ग्राह्य धरला जातो. जुन्या प्रती गोळा करून फाडा.

दवाखान्यात काय होतं

कागद दाखवला की लगेच नळी निघत नाही, आणि ते बरंच आहे. आधी डॉक्टर कागद खरा आहे का ते बघतात. मग दवाखाना प्राथमिक मंडळ बसवतो: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. ते अनुकूल असेल तर दुय्यम मंडळ बसतं. त्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. तुमच्या दोघांची संमती घेतात आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतात. परवानगी मागायची नसते, फक्त कळवायचं असतं. म्हणजे चार-पाच दिवस धरून चला. या दिवसांत आयसीयूचं बिल चालू राहतं, हे दादाला आधीच सांगून ठेवा. अडचण बहुधा दुय्यम मंडळाशी येते, कारण सगळ्यांना ही पद्धत सरावाची नाही. तेव्हा ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाची छापील प्रत फाईलीत असू द्या आणि दवाखान्याच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाड खंडपीठ.

आपल्याकडची माणसं मिरजेला, कोल्हापूरला, गोव्याला नेतात. निर्देश सर्वोच्च न्यायालयाचे आहेत, म्हणून इथं केलेला कागद तिथंही चालतो. मंडळ मात्र तिथल्या जिल्ह्याचं बसतं. आणि कागद नसला तरी घरच्यांच्या संमतीनं हीच दोन मंडळांची वाट खुली असते. ‘आमच्या जबाबदारीवर’ सही करून नेण्याआधी हे प्रत्येक घरानं विचारावं.

घरातल्या रात्री

कागदाइतकंच हेही अण्णांना लागणार आहे. ऑक्सिजनचं मशीन डॉक्टरांनी सांगितलं त्याच्यावर वाढवू नका. सीओपीडीत बोटावरच्या यंत्रानं ८८ ते ९२ दाखवणं पुरेसं असतं. ९८ दिसावं म्हणून ऑक्सिजन वाढवला की कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, दिवसा गुंगी, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. आईला हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनजवळ चिकटवून द्या. दम लागला की आडवं करू नका. पुढं टेबलावर उशी ठेवून त्यावर कोपर टेकवून बसवा, चेहऱ्यावर पंख्याचा वारा द्या, खोलीतली गर्दी हटवा.

शेवटच्या टप्प्यातल्या दमावर डॉक्टर मॉर्फीनचा अगदी लहान डोस देतात, बहुधा अडीच मिलिग्रॅमपासून पुढं. नेमका आकडा तेच ठरवतात. श्वास बंद पडेल म्हणून लोक याला घाबरतात. मोजून, कमी डोसापासून दिलं तर दम सोसवतो, माणूस झोपतो. पण डोस मनानं वाढवायचा नाही, आणि गुंगी आलेल्या सीओपीडीच्या रुग्णाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. बद्धकोष्ठ जवळपास सगळ्यांना होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून मागून घ्या. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखान्यांना मॉर्फीन ठेवणं सोपं झालंय, पण ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना थेट विचारा: ‘घरी ठेवायला वेदनाशमनाची औषधं कोण देईल, आणि रात्री फोन कुणाला करायचा?’ ते नाव आणि नंबर मिळाल्याशिवाय खोलीतून उठू नका.

आणि १०८ ला फोन करायचा की नाही, हेही गणपतीतल्या त्याच बैठकीत ठरवा. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला मंडळं बसवता येत नाहीत. तो छाती दाबणार आणि श्वास चालू ठेवायला लागेल ते करणार, ते त्याचं कामच आहे. ताप, नवा कफ, अचानक वाढलेला दम असेल तर फोन करा, त्यातून अण्णा बरे होऊ शकतात. पण डॉक्टरांनी शेवटचा टप्पा आहे असं सांगितलं असेल आणि अण्णांना घरीच राहायचं असेल, तर पहिला फोन त्या डॉक्टरांना करा, दुसरा दादाला. हे दोन्ही नंबर आईच्या फोनमध्ये तिला शोधावे लागणार नाहीत असे लावून ठेवा, आणि शेजारच्या घरातल्या एका माणसाला ठरलेलं सगळं आधीच सांगून ठेवा, म्हणजे घाबरून तोच गाडी बोलावणार नाही.